मीटरकाकांचे रोजचे तीन आनंद

माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकांना सगळी बिल्डिंग मीटरकाका म्हणते. वीज कंपनीत एकतीस वर्षं घरोघर फिरून त्यांनी मीटरचे आकडे टिपले, त्याचं हे बक्षीस. मी टेलर. तळमजल्यावर माझं दुकान आहे, त्यामुळे कोण कधी बाहेर पडतं आणि कोण पडतच नाही, हे मला न विचारता कळतं. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून काका बाहेर पडेनासे झाले होते. सकाळी चहा-पाव, दुपारी पाव-चहा, आणि मधल्या वेळात खुर्चीत बसून दाराकडे बघणं, एवढाच दिवसभराचा कार्यक्रम.

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात चौदाव्या मजल्यावर राहते. ती लोकांना आनंदी राहायला शिकवते. थट्टा करत नाही, तिचा तो धंदाच आहे. फोनवर वर्ग भरतो, पन्नास-साठ दुःखी माणसं हजर असतात, आणि ही त्यांना सांगते की आनंद मोठ्या गोष्टींत नसतो, कांदा चिरण्यात असतो. कांदा चिरताना माझ्या बायकोला होणारा आनंद मी पंचवीस वर्षं बघतोय, म्हणून या विषयावर मी गप्प असतो.

बाप पाव-चहावर जगतोय हे कळल्यावर ती आली आणि फर्मान काढून गेली. रोज तीन छोटे आनंद: एक स्वयंपाकातला, एक फिरण्यातला, एक ऐच्छिक. प्रत्येकाचा फोटो, खाली दोन ओळी आणि दहापैकी गुण. तीन महिने बघायचं. गुण सातच्या खाली गेले तर या घराला कुलूप आणि काका चौदाव्या मजल्यावर. "बाबा, तुम्ही इथे एकटे कुढत बसलेले मला बघवत नाही," म्हणाली. पोरगी वाईट नाही. काळजीपोटीच करत होती, पण काळजीलाही तिने परीक्षा लावली.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना हे घर सोडायचं नव्हतं. काकूंनी फळीवर मांडलेले डबे अजून त्याच क्रमाने होते. "मास्तर, इथे डोळे मिटून हात घातला तरी साखर सापडते," मला म्हणाले. "तिथे चमचा हवा असला तरी विचारावं लागेल."

पण रोज तीन आनंद आणायचे कुठून? इथे नोकरी कामाला आली. मीटर वाचायला गेलं की रोज चार-दोन घरं बंद सापडतातच. आकड्याची जागा कोरी सोडता येत नाही, मग मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून भरायची. कंपनी खूश आणि घरमालकाला पत्ता नाही. काकांनी आनंदाचंही तेच केलं.

पहिल्या आठवड्यात एकदा त्यांनी खरोखर टोमॅटोचं सूप केलं. ते तोंडात धरवेना, पण फोटोत आंबटपणा दिसत नाही. तेच सूप सहा निरनिराळ्या वाट्यांत ओतून टिपलं. वाट्या आमच्या घरच्या. फिरण्यातल्या आनंदासाठी माझ्या दुकानातल्या फुलदाणीतलं फूल कामी आलं. सोमवारी ते बागेतलं असायचं, बुधवारी ओढ्याकाठचं. प्लास्टिकचं असल्यामुळे सुकायची भीती नव्हती. ऐच्छिक म्हणून माझी कात्री, माझं मशीन, आणि एकदा कापडाच्या ठाणावर झोपलेली मांजर. खालच्या दोन ओळी मी सुचवायचो. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा येत होती. गुण मात्र काका स्वतः द्यायचे. साडेसात, आठ, पुन्हा साडेसात. दहा कधीच नाही. "दहा भरले की वरून तपासणी येते," म्हणायचे.

लेक हुरळून गेली. तिने ते सूप वर्गात दाखवलं. पन्नास-साठ दुःखी माणसांनी टाळ्या वाजवल्या, दोघांनी कृती मागितली. काय कळवू, म्हणून काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, लिहा, सगळं मंद आचेवर. तेवढ्याने दोघांचंही समाधान झालं.

अडीच महिने असे गेले. गुण उत्तम आणि काका खुर्चीतच. आता मला वाईट वाटायला लागलं. आपण शेजाऱ्याला वाचवतोय की खुर्चीला शिवून टाकतोय, हेच समजेना.

मग लेकीचा निरोप आला: वर्गाला तुमचा चालतानाचा व्हिडिओ हवाय. व्हिडिओची सरासरी निघत नाही. काकांनी चपला घातल्या.

पाय सवयीने जुन्या रस्त्याला लागले. मागच्या गल्लीत बैठी घरं आहेत. तिथे एका निवृत्त नर्सबाईंच्या खिडकीतून परतलेल्या लसणाचा वास येत होता. एकतीस वर्षं काकांनी त्या दारात तो वास घेतला होता आणि "मीटर" याशिवाय अक्षर काढलं नव्हतं, कारण पुढची दोनशे घरं खोळंबलेली असायची. आज मागे काहीच नव्हतं. ते खिडकीशी थांबले.

"बाई, तुम्ही लसणाचं करता तरी काय?"

नर्सबाईंनी वर बघितलं. "तुमचा मीटर कधीच काढून नेला हो. नवा आपला आपणच वाचतो."

"मीटरचं नाही. वासाचं विचारतोय."

बाईंनी सांगितलं. तेल तापवायचं नाही. गार तेलात लसूण टाकायचा, मग गॅस लावायचा आणि तिथून हलायचं नाही. रंग धरायच्या जरा आधी उतरवायचा, पुढचं काम गरम तेल करतं.

काका जवळजवळ धावतच आले. पहिला लसूण करपला, दुसरा कच्चा राहिला. तिसऱ्या वेळी कढई हातात धरून त्यांनी माझं दार वाजवलं. "मास्तर, वास घ्या," म्हणाले. मी घेतला. काकांचा चेहरा लाल झाला होता आणि काकू गेल्यापासून मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते नर्सबाईंना निकाल सांगायला गेले. बाई म्हणाल्या, आता बटाट्याला लावून बघा. बटाट्यांसाठी काका तीन दुकानं हिंडले. या सगळ्यात व्हिडिओ राहिला, फोटो राहिले, फोन बटाट्यांच्या पिशवीखाली गेला.

तिकडे लेकीचा जीव टांगणीला. शेवटी तिने मला फोन केला. "फिरायला गेलेत," मी सांगितलं. अडीच महिने मी रचलेलं सगळं तिने मानलं आणि पहिल्यांदा खरं बोललो ते तिला खोटं वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी ती दारात. सोबत दोन रिकाम्या बॅगा, आणि हातात माझ्या दुकानातली फुलदाणी.

काका गॅसपाशी होते. मलाही जेवायला बोलावलं होतं, म्हणून मी तिथेच सापडलो.

"बाबा, हे ओढ्याकाठचं फूल?"

"हो," काका न वळता म्हणाले. लसूण रंगावर आला होता.

"म्हणजे सगळंच खोटं?"

"सगळंच. मास्तरांना काही बोलू नकोस, आकडे मी भरलेत."

"मग आता काही ऐकणार नाही. बॅगा भरायच्या आणि निघायचं."

"भरू. आधी जेव."

वाफाळता भात, त्यावर लसणाचं तेल आणि परतलेले बटाटे. दुसरं काही नव्हतं. एक घास बत्तीस वेळा चावा म्हणून जगाला सांगणारी ही बाई बोलता बोलता तीन वेळा भात वाढून घेऊन बसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! फोटो काढायचं तिला सुचलं नाही. मग हात धुऊन ती काकांच्या खुर्चीत टेकली आणि तिथेच तिचा डोळा लागला.

चार वाजता तिचा फोन वाजायला लागला. वर्गाची वेळ झाली होती. पन्नास-साठ दुःखी माणसं ताटकळत होती. काकांनी फोन उचलून बटाट्यांच्या पिशवीखाली ठेवला.

ती उठली तेव्हा ऊन कलंडलं होतं. काकांनी चहा पुढे केला आणि स्वतः कोपऱ्यातली बॅग उघडून घड्या करायला बसले. शब्द दिला होता ना. दोन सदरे आत गेल्यावर ती म्हणाली, "राहू द्या, बाबा. तिथे तुम्हाला करमणार नाही."

"न जाताच कसं कळलं?"

तिने कप खाली ठेवला.

"सहा वर्षं मी राहतेय ना तिथे," म्हणाली. "मला कुठे करमतंय?"