व्हाइसमधली अक्षता

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक रायफल आहे. रिकामी आहे. गोळी बसते त्या चेंबरमध्ये डोकावून झालंय, बोट घालून चाचपून झालंय, गोळ्या घरातल्या दुसऱ्या कपाटात कुलपात आहेत. तुम्हाला फक्त तिच्या पाठीवरचा एक बारका स्क्रू काढायचाय. पूर्वी कधीतरी कुणीतरी तो डिंकासारखं काहीतरी लावून घट्ट बसवून ठेवलाय. एका हाताने रायफल दाबून धरलीत, दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हर फिरवलात, की रायफलच फिरते, स्क्रू ड्रायव्हर निसटतो आणि पोलादावर चरा उठतो. तिसरा हात हवा. तो हात म्हणजे व्हाइस, बाकावर पक्कं बसवलेलं, दोन जबड्यांत वस्तू आवळून धरणारं पोलादी साधन. पण व्हाइसला काही कळत नाही. दांडा फिरवाल तेवढं ते आवळत जातं. कमी आवळलंत तर वस्तू सटकते, जास्त आवळलंत तर लाकूड चिरतं. मधलं माप ज्याचं त्याच्या हातालाच शोधावं लागतं.

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या प्रताप घारपुऱ्यांच्या हाताला ते माप सापडलं होतं, पण उशिरा. सगळी नोकरी ह्यूस्टनमध्ये तेलाच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह तपासण्यात गेली. तिथे घट्ट म्हणजे अगदी घट्ट. निवृत्त झाल्यावर एका सहकाऱ्याने त्यांना नेमबाजीच्या रेंजवर नेलं. गोळ्या झाडण्यात त्यांचं मन रमलं नाही, पण रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, मागे ओढल्यावर आतले भाग एकमेकांना जागा देत कसे सरकतात, ते मात्र ते बघतच राहिले. मग गॅरेजात बाक आलं, बाकावर व्हाइस आलं. पोलादी जबड्यांना त्यांनी लाकडी ठोकळे बसवले, ठोकळ्यांना जाड नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर लावलं. मागे रायफलचा लाकडी दस्ता व्हाइसमध्ये आणि पुढे नळीखाली टेकू, म्हणजे लांबलचक नळी तरफेसारखी काम करून पकड ढिली करणार नाही. स्वतःच्या रायफलवर हात बसला, तसे आजूबाजूचे लोक आपापल्या घेऊन येऊ लागले. प्रतापराव पैसे घेत नसत आणि त्यांना नाही म्हणता येत नसे. महाराष्ट्र मंडळातली पोरं त्यांना बंदूकवाले काका म्हणू लागली.

त्यांच्या पत्नी उत्तराकाकूंना याचं हसूही येई आणि वैतागही. "जन्मभर घरात अंडं येऊ दिलं नाहीत," त्या म्हणत, "आणि आता गॅरेजात हरणं मारायची तयारी."

अलीकडे प्रतापराव थकले होते. उजवा खांदा आखडला होता. ऑक्टोबर संपत आला तरी गॅरेजात भाताच्या पातेल्यावरचं झाकण उघडल्यासारखी वाफ अंगावर येई. चष्मा धुरकटे, तो पुसायचा तर हाताला तेल. एवढं एक काम झालं की बाक आवरून टाकायचं, असं त्यांनी काकूंना सांगून टाकलं होतं.

ते एक काम रॉयचं होतं. रॉय शेजारचा, कुंपणापलीकडचा. त्याच्या वडिलांनी अक्रोडाच्या लाकडातून स्वतः कोरलेला दस्ता असलेली ती रायफल. वडील गेले, रॉयचे हात कापू लागले. आता त्याची नात पहिल्यांदाच शिकारीला जाणार होती. तिच्यासाठी रायफलच्या पाठीवरची नेम धरायची जुनी दुर्बीण काढून नवी बसवायची होती. मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडणार होता. रॉयने रायफलची पेटी उघडून दाखवली तेव्हा एवढंच म्हणाला होता, "स्क्रू तुटला तरी चालेल. लाकडाला जप."

रायफल कपाटात कुलपात होती आणि मध्ये खंडेनवमी आली. काकू दरवर्षी गॅरेजातल्या हत्यारांची पूजा करीत. या वर्षीही त्यांनी ड्रिलला, पान्यांना, व्हाइसला कुंकू लावलं, झेंडूची फुलं आणि अक्षता वाहिल्या. दसऱ्याला कुणी हत्याराला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी फुलं उचलली, व्हाइसवरून फडकं फिरवलं, रायफल पुन्हा एकदा रिकामी असल्याची खात्री केली आणि दस्ता जबड्यांत धरला. खांदा ठणकत होता. एरवी ते नमद्यावरून अंगठा फिरवून बघत. त्या दिवशी बघितलं नाही.

पकड उत्तम बसली. स्क्रू कुरकुरला आणि निघाला. पुढचेही निघाले. नवी दुर्बीण बसली, सरळ बसली. प्रतापरावांनी दांडा उलटा फिरवला आणि दस्ता हातात घेतला. नेम धरताना गाल जिथे टेकतो बरोबर तिथे, लाकडात एक खळगा पडला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. दाणा अजून नमद्यात रुतून बसलेला होता, लालभडक.

मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. दबलेलं लाकूड वाफेनं फुगून वर येतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ओलं फडकं खळग्यावर ठेवलं आणि काकूंची इस्त्री आणून टोकानं हलकेच टेकवली. चर्र आवाज झाला. दोन-तीनदा केल्यावर खळगा खरंच भरून आला. बोट फिरवलं तर लागेना. त्यांना जरा बरं वाटलं. मग त्यांनी दस्ता दारातल्या उन्हात धरला. खळग्यात राहिलेलं कुंकू वाफेनं विरघळून लाकडाच्या रेषांत आत उतरलं होतं. पुसून जाईना. जितकं पुसावं तितकं कडेनं पसरे. वरवरची खोक त्यांनी स्वतःच्या हातानं खोल नेली होती.

काकू चहा घेऊन आल्या आणि न विचारताच त्यांना कळलं.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"तू पूजा केलीस. बघायचं काम माझं होतं."

"मग आता?"

"गडद तेल लावलं तर दिसणार नाही."

काकूंनी कप बाकावर ठेवला. "अहो, दिसणार नाही ते त्याला. तुम्हाला कुंपणावरून रॉय रोज दिसणार आहे."

प्रतापरावांनी गडद तेलाची बाटली काढली होती, ती परत ठेवली. त्यांच्या अंगात वाद घालायचंही त्राण नव्हतं.

रॉय शनिवारी सकाळी आला. प्रतापरावांनी आधी डाग दाखवला, मग दुर्बीण. अक्षता म्हणजे काय, त्या व्हाइसवर कशा आल्या, सगळं सांगितलं. आपण वाफ दिली म्हणून रंग आत गेला, हेही सांगितलं. रॉय ऐकत होता.

"म्हणजे तुम्ही व्हाइसची पूजा करता?"

"वर्षातून एकदा. ज्यांच्यावर आपलं काम चालतं त्यांची."

"माझा बाप व्हाइसला शिव्या द्यायचा," रॉय म्हणाला, पण हसला नाही. त्याने त्या लाल ठिपक्यावर अंगठा ठेवला. हात नेहमी कापायचा, तो अंगठा मात्र तिथे स्थिर होता. एवढा वेळ की प्रतापरावांना काय करावं कळेना. त्यांनी उगाच बाकावरचे पाने सरळ लावले. मग रॉयने विचारलं, "स्क्रू सगळे निघाले ना?" निघाले म्हटल्यावर "मग झालं" म्हणून त्याने पेटी बंद केली. एरवी तो गॅरेजात बसून काकूंचा चहा प्यायल्याशिवाय जात नसे. त्या दिवशी नात वाट बघतेय म्हणाला आणि गेला.

मोसम सुरू झाला तसा एका दुपारी त्याने फोनवर फोटो पाठवला. नात रायफल खांद्याला लावून बसलेली, गाल दस्त्यावर टेकलेला, त्यामुळे डाग आहे की नाही ते दिसत नव्हतं. खाली एकच ओळ होती: हरीण मिळालं नाही, पण रायफलचा नेम सरळ लागतो. प्रतापरावांनी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा मोठा करून पाहिला.

बाक काही त्यांनी आवरलं नाही, पण नवं कामही घेतलं नाही. रॉय कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ओढताना दिसतो, हात वर करतो, तेही हात वर करतात. सरळ जाऊन विचारा की, असं काकूंनी त्यांना बरेचदा म्हटलंय. काय विचारायचं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण हा माणूस विचारलं तरी सांगेल असा नाही, आणि कुंपणापर्यंत गेलेले प्रतापराव दरवेळी हवापाण्याचं बोलून परत येतात.

त्या ठिपक्यावर अंगठा ठेवून रॉय इतका वेळ गप्प उभा राहिला, तेव्हा त्याच्या मनात काय होतं?