तिच्या बाजूचा बॉल

"बॉल."

ताईनं एवढंच म्हटलं. माझ्याकडं पाहिलं पण नाही. रॅकेटच्या टोकानं जाळीजवळचा बॉल दाखवला अन् टॉवेलनं तोंड पुसत राह्यली. बॉल तिच्या बाजूले पडला होता. तिच्यापासून चार पावलं. मी पार दुसऱ्या टोकाले.

टेनिसची फायनल होती. तिसरा सेट, चार-चार. जी जिंकन ती राज्याच्या कॅम्पले जाणार होती. अन् मी आणाले जायसाठी पाय उचललाही होता.

पाय काहून उचलला थे आधी सांगावं लागन.

माझे बाबा त्या क्लबात मार्कर. यवतमाळातल्या साहेबलोकांचा क्लब, मुरमाचं कोर्ट. सकाळी झाडाचं, पाणी माराचं, रोलर फिरवाचा, चुन्यानं लाईन आखाची. अन् ज्या साहेबाले जोडीदार नसन, त्याच्या संग खेळाचं. खेळाचं म्हणजे हराचं. कुठं लिहून नाही, पण मार्करनं मेंबरले हरवाचं नसते. त्याच्या हाताले येईन असा बॉल द्याचा, त्यानं जोरात मारला का 'वा साहेब' म्हणाचं. अन् हराचं तेही थोडक्यात. लय फरकानं हरलं तं साहेबाले मजा येत नाही. बाबा वीस वर्षं असे हरले.

मी बॉल उचलता उचलता शिकली. ताई म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी डॉक्टरसाहेब, त्यायची पोरगी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती बॅकहँड मारे तवा मी कुंपणाच्या जाळीमागं उभी राहून रिकामा हात तसाच फिरवून पाहत होती. मग ती नागपूरच्या अकॅडमीत गेली. जाताना जुनी रॅकेट मले देऊन गेली. त्या रात्री मी ती उशाशी घेऊन झोपली. पुढं तिचा फोटो पेपरात आला. आमच्या घरी भिंतीवर एकच फोटो असते, निळ्या कोटातला, कोणाचा थे सांगाची गरज नाही. त्याच्या खाली मी ताईचं कात्रण चिकटवलं. आई म्हणे, "हे कायले वं इथं?" मी म्हटलं, "मले हिच्यासारखं व्हाचं आहे."

अन् फायनलले तीच समोर उभी. त्याच कोर्टावर. हातात तिचीच जुनी रॅकेट.

पहिला सेट सहा-एक गेला. तवा कुठं माझ्या ध्यानात आलं का मी काय करून राह्यली. मी तिच्या फोरहँडले बॉल देऊन राह्यली होती. बरोबर कमरेच्या उंचीवर, तिले आवडते तसा. मार्करची पोरगी मार्करसारखी खेळत होती. त्यात बॉल उचलाले त्या दिवशी कोणी नव्हतं. तं तिच्या बाजूचे बॉलही मीच धावत जाऊन आणत होती, एका टप्प्यावर, तिच्या उजव्या हाताले. कोणी हसलं नाही. कोणाले त्यात वावगं वाटलंच नाही. मलेही नाही.

दुसऱ्या सेटले मी तिच्या बॅकहँडले मारणं सुरू केलं. सेट काढला. ताईनं तवा पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

अन् तिसऱ्यात, चार-चारवर, मी लाईनवर मारला. मुरमावर बॉलची खूण पडते. मी जाळीपर्यंत गेली. अर्धी खूण चुन्यावर होती, साफ दिसत होती. ताई म्हणाली, "आउट." मी म्हटलं, "खूण पाहा सर." रेफरी खुर्चीवरून उतरले. ते पोचायच्या आधी ताईनं बुटानं खूण पुसून टाकली.

ज्यानं खूण पुसली त्याचा पॉइंट गेला, असा नियम आहे. बाबानंच शिकवला मले. पण रेफरी म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या रोजच्या जोडीतले. म्हणाले, "आता खूणच नाही. पॉइंट तिचा."

"सर, नियम..."

ताई हसली. म्हणाली, "तुझे बाबा लाईन आखतात, म्हणून लाईन काय तुमची झाली का गं?"

खुर्च्यांवरचे सगळे हसले. अन् बाबा पण हसले. साहेबलोक हसले का आपणही हसाचं, हेही त्या नोकरीतच येते. ताईचं बोलणं एकवेळ गिळलं असतं, बाबाचं हसू गिळल्या गेलं नाही.

मी आपल्या टोकाले परत गेली. तवा ती म्हणाली, "बॉल."

उचललेला पाय मी खाली ठेवला.

"बॉल दे ना," ती पुन्हा म्हणाली.

मी उभी. तेवढ्यात कुंपणाजवळून बाबा उठले. हाताले सकाळचा चुना तसाच. कमरेत वाकून कोर्टात आले. म्हणे, "राहू द्या ताई, मी देतो."

"बाबा, राहू द्या तो बॉल. तिचा आहे, ती उचलन."

माझा आवाज फाटला होता. बाबा वाकल्या वाकल्याच माझ्याकडं पाहत राह्यले. मग हात मागं घेतला अन् परत गेले. ताईले चार पावलं चालावं लागलं. वाकावं लागलं.

मी हरली. सहा-चार. डोळ्यात पाणी, बॉल दिसेना. जाळीवर हात मिळवताना ताई म्हणाली, "रॅकेट माझीच ना ती? जपून वापर." मी रॅकेट तिच्या बाकावर ठेवून दिली अन् निघाली.

बाबा कोर्ट झाडत होते. म्हणे, "एक बॉल देऊन दिला असता तं काय बिघडलं असतं वं बाई? तुयं ध्यान तरी नसतं हललं." घरी येऊन लय रडली.

डॉक्टरसाहेबांनी बाबाले सांगितलं, पोरीले क्लबात आणायचं नाही. आता आम्ही वस्तीमागच्या मैदानात खेळतो. जाळीच्या जागी दोरी, रॅकेटी साहेबलोकांनी टाकून दिलेल्या. पहिल्या दिवशी बाबानं सवयीनं माझ्या हाताले बॉल दिला. मी मारला नाही, जाऊ दिला. म्हटलं, "माझ्या संग हराचं नाही. खरं खेळा." मग त्यायनं मले सहा-शून्य हरवलं. माझ्या बाबाचा खेळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

कात्रण अजून भिंतीवर आहे. काढाले गेली का हात थांबते. ताई मले अजून आवडते, खोटं कायले बोलू? तेच तं जास्त दुखते.

पण पुन्हा आमची गाठ पडन. पुन्हा ती म्हणन, "बॉल." मी जागची हलणार नाही. रेफरीनं पॉइंट कापला तं कापू दे. मॅच गेली तं जाऊ दे. तिच्या बाजूचा बॉल तिनंच वाकून उचलाचा.