सिद्धगडाच्या पायथ्याशी मी विझवलेला राब

या सहलीबद्दल लिहू की नको, यात तीन महिने गेले. गड, झाडं, नाश्ता असं छान छान लिहून मोकळी झाले असते, पण मग मुख्य गोष्टच लपवावी लागली असती. तेव्हा आधीच सांगते, या लेखात गडाचा माथा नाही.

मी शिक्षकांसाठी कार्यशाळा घेते. विषय, कुतूहल. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत एक चित्रकार होऊन गेला, यंत्रंही शोधायचा. त्याच्या वह्यांवर माझं दुकान चालतं. वाहतं पाणी, उडणारे पक्षी, सगळं तो स्वतः बघून बघून काढायचा. मला मात्र त्याच्या याद्या जास्त आवडतात. कोणाला काय विचारायचं हे तो टिपून ठेवायचा, आणि ज्याच्या हातात काम त्यालाच जाऊन विचारायचा. हे मी झोपेतही सांगेन. एप्रिलमध्ये वाटलं, आपणही तशी वही घेऊन सिद्धगडाला जावं.

शनिवारी कल्याणहून मुरबाडची पहिली एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे. मुरबाड स्टँडसमोर मिसळ मिळते, तर्री बेतानेच मागा. पुढे म्हसामार्गे जीप, ती भरल्याशिवाय सुटत नाही. मी तासभर बसून होते. शेवटचे दोन किलोमीटर पायी, तेव्हा पाण्याच्या दोन बाटल्या हव्यातच. वाटेत वहीत बारा प्रश्न लिहिले. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी का, वगैरे. उत्तरं घरी जाऊन मोबाइलवर शोधणार होते.

गडाखालच्या वाडीच्या अलीकडे एका शेतात पालापाचोळा धुमसत होता. जवळ चिटपाखरू नाही आणि वीस पावलांवर रान. वणवा! दुसरं काही डोक्यात आलंच नाही. हिरवी फांदी मोडून झोडपलं, बुटाने विस्कटलं, दोन्ही बाटल्या ओतल्या. चादरीएवढा कोपरा विझला. धापा टाकत बांधावर बसले आणि वहीत लिहिलं, ‘सकाळी दहा. वणवा विझवला.’ खाली रेघसुद्धा मारली.

“कोनी इझवला गो राब?”

दोन बांध पलीकडून डोक्याला पदर गुंडाळलेली बाई धावत आली. माझ्याच वयाची असेल. मी अभिमानाने म्हटलं, “मी! रानात शिरली असती आग.”

“रानात कशी शिरंल? चारी बाजू साफ केल्यात, वर माती टाकलीय, वारा बघून लावलाय. भाताची रोपं काढायची हायत इथं आमाला.”

तिचं नाव हिराबाई. शेण, वाळक्या फांद्या, पाला, गवत आणि वर माती असे थर रचून रोपांची जागा सावकाश भाजतात, त्याला राब म्हणतात, हे तिने मला त्या धुरात उभं राहून सांगितलं. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं आणि मग तिथे भात पेरतात.

“मी परत रचून देते,” मी म्हटलं.

“कशानं रचशील? फांद्या थंडीत तोडून वाळवलेल्या. आता कुठून आनशील?” तिने काठीने पाला उलथला. “शेनपन भिजलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि एवढं होऊन ती मला घरी घेऊन गेली, कारण माझ्या बाटल्या रिकाम्या होत्या. नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. तिने वहीत काय लिहिलंय विचारलं, तेव्हा मी प्रश्न वाचून दाखवले. वणव्याची ओळ गाळली.

“ऐन ना? खरा वणवा लागला तरी ऐन जगतो. जाड साल त्याची,” ती म्हणाली. त्या ‘खरा’ शब्दावर मी मान खाली घातली. गड न चढताच शेवटच्या जीपने परतले.

जुलैत लावणीच्या वेळी पुन्हा गेले. रोपं दाट हिरवी होती आणि एक कोपरा, चादरीएवढा, पिवळट, गवताने भरलेला. कमी पडलेली रोपं हिराबाईने जावेकडून मागून आणली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती त्या कोपऱ्यात उकिडवी बसली.

“इथंपन त्याच दिवशी तेच बी टाकलं. अर्धवट भाजलेला राब आमी कदी बघितलाच नव्हता. म्हटलं, बघू तरी काय होतं.” ती रोज बघत होती. बी उगवलं कधी, गवताने गाठलं कधी, सगळं तिला तोंडपाठ. इकडचं रोप आणि तिकडचं रोप उपटून तिने मुळं शेजारी शेजारी धरली. माझ्या कार्यशाळेत असं एकदाही घडलेलं नाही.

निघताना म्हणाली, “एक विचारू? त्या दिवशी हाक का नाय मारलीस? मी तिथंच तर होते.”

घरी आल्यावर ‘वणवा विझवला’च्या खाली तिचा प्रश्न लिहून काढला. उत्तर अजून लिहवत नाही, पण मला ते ठाऊक आहे. तिथे विचारण्यासारखं कोणी असेल, असं मला वाटलंच नव्हतं.