दिवाण खिडकीपाशी

नांदेड ते लातूर या टापूत माझ्या लातूरच्या साडूंनी चहा घेतला आणि तरीही तिथला सोफा जागेवर राहिला, असं एकही घर नसेल. कुणाच्याही बैठकीत शिरले की ते आधी बसत नाहीत. दाराशी उभे राहून डोळे बारीक करतात आणि यजमानाऐवजी कपाटाची विचारपूस करतात, "ह्याला हितं कुणी उभं केलं? उगी उजेड अडवून राहिलंय बिचारं." निलंग्याच्या एका साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाच्या मामांना दिवाणासकट खिडकीकडे सरकवलं. मामा चिडणारच होते, पण वारा लागला आणि त्यांना तिथंच डुलकी लागली. चालायची वाट सरळ हवी, टीपॉय गुडघ्याला लागू नये, आणि आत येणाऱ्याला समोर खिडकी दिसावी, कुणाची पाठ नव्हे. एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

मी त्यांना मुद्दाम बोलावलं ते आईसाठी. ती लोह्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आलेली. मी मोठा सोफासेट घेतला, खरं सांगायचं तर चार लोकांना दाखवायलाच घेतला, आणि तिचा बुटका दिवाण जिन्याखाली टाकला. तेव्हापासून ती बैठकीत बसेनाशी झाली. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून वाती वळायची. "मला काय झालंय, चांगली हाय मी," म्हणायची आणि पुढची वात हातात घ्यायची.

साडूंनी एका सकाळीत लांबलचक सोफा आतल्या खोलीत घातला, शोकेस कोपऱ्यात लोटलं आणि जिन्याखालचा दिवाण पुसून खिडकीपाशी मांडला. तिथून फाटक, रस्ता, भाजीवाली, सगळं दिसायचं. खोली दुप्पट वाटू लागली. "बोलवा आता मावशीला," ते ऐटीत म्हणाले.

आई आली, डोक्यावर पदर ओढला आणि उंबऱ्याशीच खाली बसली.

"मावशी, वर बसा की. तुमच्यासाठीच केलंय."

"न्हाई बाबा. सुनेच्या माहेरचे जावई तुम्ही. तुमच्यासमोर वर बसू व्हय मी?"

साडूंनी पुन्हा एकदा खोलीभर नजर फिरवली. त्या खोलीत अडचण करणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती हलवणं त्यांच्याच हातात होतं. "मग मीच सरकतो," म्हणत ते चहाचा कप घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

जरा वेळानं आई हळूच दिवाणावर टेकली. खिडकीतून बघत म्हणाली, "लई वर्दळ हाय की रं हितं!" मी तिच्या शेजारी बसलो.

"बसल्या का?" बाहेरून दबक्या आवाजात विचारणा झाली.

"हाव," मी म्हणालो.

तेव्हापासून आमच्याकडे आले की ते पायरीवरच बसतात, भर उन्हातसुद्धा. आई आतून मला रागावते, "पाव्हण्यायला आत बोलव की रं, बरं दिसतं का ते?" आणि उठू लागते. साडू मान न वळवताच हात हलवतात, "बसा मावशी, उठू नका." ती बसते. इतक्या खोल्या लावल्या त्यांनी, पण आई बसल्यावर ही खोली कशी दिसते, ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही.