गारगोटीचं रबर

जालिंदर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरलो होतो, त्यालाच दवाखान्यात भेटायला. रडू आलं नाही, संताप आला. पाच आठवडे झाले, अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात... मला नाही जमणार.

इंदापुरात आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो, मी गणित, तो रसायन. त्याच्या गावात, अंथुर्ण्यात, कुणी विहीर खणली की हा पठ्ठ्या ढिगाऱ्यातून पांढरी गारगोटी वेचायला हजर. गारगोटीत सिलिकॉन असतं, त्याचं रबर होतं, ते तापलं तरी वितळत नाही अन् गारठलं तरी कडक होत नाही, हे त्यानं मला शंभरदा ऐकवलं. कारखान्यात त्यासाठी केवढाल्या भट्ट्या लागतात. याला ते भट्टीशिवाय, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत करायचं होतं. लोक हसायचे. मी हसलो नाही. उलट आमचा मसाला कुटायचा पडून असलेला डंक त्याला नेऊन दिला. शहाणाच मी!

त्या डंकात तो पंधरा वर्षं गारगोटी कुटत राहिला. कोरडी. पाणी मारून कुटलं तर धूळ उडत नाही, हे खडी मशीनवरच्या कुठल्याही मजुराला ठाऊक असतं, आणि वर्गात हाच ते पोरांना शिकवायचा. पण भुकटीत ओल राहिली की पुढचं रसायन बिघडतं, म्हणून ऐकेना. अरे, मग वाळव ना दोन दिवस उन्हात! तर म्हणे, तेवढा वेळ कुणाला हाय. तोंडाला नुसता टॉवेल. मी दारातून शिव्या घालायचो, तो भुवयांवरची भुकटी झटकत हसायचा. खोकला लागला तेव्हा हवा बदलली म्हणाला. आणि मी ते ऐकून घेतलं. डंक उचलून परत आणायला कितीसा वेळ लागला असता? माझाच होता तो.

शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला. फुप्फुसात दगडाची धूळ बसली होती. ती काही निघत नसते.

परवा वहिनींकडे गेलो. त्या शिवणयंत्रावर बसल्या होत्या. मशीनच्या एका पायाखाली दुधी रंगाची, खोडरबराएवढी मऊ वडी दिसली. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा नीट जमलेली, एवढी एकच. मी वाकून बघतोय म्हटल्यावर त्यांनी मशीन थांबवलं.

"आता हलत न्हाय," त्या म्हणाल्या. "पण भावजी, कागदाची घडी घातली असती तरी हललं नसतं."