नवसूने देऊन टाकलेला शब्द

किन्हवलीजवळच्या वाडीतल्या नवसू मुकणेचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली, पण तोंड अजून धारेचं आहे. मोबाइल त्याला सगळं वाचून दाखवतो. विद्यापीठातल्या भूमिकाने पाठवलेला प्रबंध मात्र मोबाइलला वाचता येईना. "पान एक, चित्र. पान दोन, चित्र." नवसूने तिला फोन लावला.

"भाषा माझी, नि मलाच ऐकू येत नाय? कागदांचे फोटो काढून पाठवलेस होय गो?"

"चुकलंच काका. साधी टाइप केलेली फाईल पाठवते."

"तक्ते मोडून सरळ ओळी कर. तक्ता आला की हा भरकटतो."

तरुणपणी वीटभट्टीवर नवसू आणि त्याचा जोडीदार धाऊ यांनी ही भाषा रचली होती, मुकादमाला कळू नये म्हणून. मुकादम म्हणजे 'खोंबा', पाणी म्हणजे 'झुलं'. धाऊ गेला. भाषा भट्ट्याभट्ट्यांवर पसरली. भूमिकाने तिच्यावर प्रबंध लिहिला आणि सोमवारी तो इंटरनेटवर सगळ्यांना खुला होणार होता.

शुक्रवारी नवी फाईल आली. नवसूने पडवीत बसून आवाज मोठा केला. वाडीला कळू दे. बायको कमळ वाल निवडत होती. मोबाइल अडखळला की नवसू त्याला दटावायचा, "खोंब नाय रे, खोंबा!"

मग मोबाइल म्हणाला, "हुरमा. अर्थ: सामान बांधा, आज गुपचूप निघायचं."

कमळचा हात सुपातच थांबला. "यो कोनी सांगला तिला?"

नवसूने आधी मोबाइलचं तोंड दाबलं. त्यांची लेक गोजर वाशिंदच्या पुढच्या भट्टीवर होती. मुकादमाने जावयाला मारलं होतं आणि चार दिवसांत हुरमा होणार, असा तिचा निरोप होता. मोबाइल काय, मुकादमांकडेही असतात; सोमवारी हा शब्द त्यांनाही कळला असता.

"चाळीसच शब्द, काका?" शब्द उतरवून घ्यायला आली तेव्हा भूमिकाने एवढंच विचारलं होतं. ते त्याला झोंबलं. "चाळीस? दीडशे हायेत! लिही!"

त्याने पुन्हा फोन लावला. "हुरमा काढ."

"काका, अख्खं चौथं प्रकरण त्याच्यावर आहे. आणि तुम्हीच सांगितलात. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

"मीच सांगितला. म्हणून मीच सांगतोय, काढ. माझी लेक हाय तिकडं."

"काढते. पण परीक्षकांकडे गेलेली प्रत परत येणार नाही."

शनिवारी पहिल्या एसटीने दोघं गोजरच्या भट्टीकडे निघाली. नवसू कमळच्या कानात 'हुरमा'च्या जागी नवे शब्द सांगत होता. "यो नको, शिंक आल्यावानी वाटतो," ती म्हणाली. तिसरा तिला पटला.

शहापूरच्या स्टँडवर फोन वाजला. "काका, हुरमा काढला, चौथं प्रकरणही. नवी फाईल पाठवलीय, ऐकून घ्या. पण मग आता त्याच्याऐवजी काय म्हणणार?"

नवसूचं तोंड सवयीने उघडलं. कमळने दंडाला चिमटा काढला.

"तो तुला नाय सांगायचा गो," तो म्हणाला, आणि फोन बंद करून कमळच्या खांद्यावर हात टाकला. "चल. वाशिंदची गाडी कुठं लागते ते बघ आधी."