उजव्या सीटवरचे मास्तर

डेन्मार्कमधल्या युटलंडच्या उत्तर टोकाला, फ्योर्डच्या म्हणजे खाडीच्या काठावरच्या एका गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली ती थोरवाल मास्तरांनी. शिकाऊ माणूस डावीकडे, मास्तर उजवीकडे. तोंडात पेपरमिंट आणि पायाशी जास्तीचा ब्रेक. "मास्तर किती शांत असतात," असं लोक कौतुकाने म्हणत. सकाळी दहाच्या आत चार बिअर पोटात गेल्यावर माणूस शांत नाही राहणार तर काय, हे त्यांची मुलगी सॉल्वाइ जाणून होती. रिकाम्या बाटल्या दुकानात परत देण्याचं काम तिचंच होतं.

त्यांच्या घरात दारू कुणी पीत नव्हतं. दारू म्हणजे कडक स्नॅप्स, तीही सणाला. बिअर जेवणात मोडायची. आई एल्सेबेट तर शब्दांची मोठी जाणकार. नवरा खुर्चीत लवंडला की तो दमलेला असे, वाढदिवसाच्या केकवर कलंडला की हळवा झालेला, आणि मुलीच्या शाळेत नाटकाला गेला नाही की त्याची पाठ धरलेली असे. नऊ वर्षांच्या सॉल्वाइने एकदा विचारलं, "आई, बाबांची पाठ नेहमी शुक्रवारीच का धरते?"

"बटाटे सोल," आई म्हणाली.

अठराव्या वर्षी सॉल्वाइ बाबांकडेच गाडी शिकली, तेव्हा गावात सगळ्यांना पार्किंग इतकं छान का जमतं ते तिला उमगलं. सराव बंदरावरच्या गुत्त्यासमोर व्हायचा, आणि मास्तर दोन मिनिटांत येतो म्हणून आत जायचे.

पुढे एका नोव्हेंबरात गावच्या चर्चच्या पाद्रीबाई शिकायला बसल्या. उतारावर त्यांचे पाय गोंधळले. "ब्रेक दाबा, मास्तर," त्या म्हणाल्या. मास्तर घोरत होते. गाडी फुलवाल्याच्या शेवंतीत शिरली. कुणाला खरचटलंही नाही, पण पोलिसांनी मास्तरांना नळीत फुंकायला लावलं आणि परवाना गेला. गाव म्हणालं, ऊन डोळ्यांवर आलं असेल. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता.

घरी बसल्यावर मास्तरांना जेवायला भरपूर वेळ मिळू लागला. दोन वर्षांत डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, पायांवर बोट दाबलं की खळगा राही. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज किती घेता?"

"जेवताना एखादी."

"एखादीच," एल्सेबेटने दुजोरा दिला.

"वीस," सॉल्वाइ म्हणाली. "बाटल्या मी परत देते. मोजता येतं मला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "घरातली गोष्ट चारचौघांत काढलीस."

"चारचौघांना माहीतच आहे, बाबा. घरातच बोलायची राहिली होती."

यकृत दगडासारखं झालं होतं. आता एक घोटही नको, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मास्तरांनी अकरा महिने पाळलंही. हात थरथरायचे, कॉफी बशीत सांडायची, पण डोळ्यांत माणूस दिसायला लागला होता. एका दुपारी ते अचानक म्हणाले, "शाळेच्या त्या नाटकात तू कोण होतीस?"

"झाड."

"बघायला यायला हवं होतं," ते म्हणाले.

मग जूनमध्ये किनाऱ्यावर भर उन्हाळ्याच्या सणाची होळी पेटली. जुने विद्यार्थी भोवती जमले. "मास्तर, आजच्या दिवशी एक तर घ्याल." मास्तरांनी एक घेतली. हिवाळा संपायच्या आत ते गेले.

दफनानंतर कॉफी होती, पाव होते आणि पाहुण्यांचा मान म्हणून बिअरही होती. फुलवाला उठून म्हणाला, "मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला त्रास दिला नाही."

"आम्हाला दिला," सॉल्वाइ म्हणाली. आवाज चढवला नाही, पण टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. आता आई बटाटे सोलायला पाठवेल, असं तिला वाटलं.

एल्सेबेटने कप खाली ठेवला. "दिला," ती म्हणाली. "आणि मी झाकत बसले."

मग फुलवाल्याने घसा साफ केला आणि यंदा थंडी फारच लांबली, असा विषय काढला. सगळ्यांनी तो आनंदाने उचलून धरला.